नवी गाडी, जुनी गाडी आणि आईच्या पाटल्या

मैत्रिणींनो, या पानावर आजवर आपण वर्षाचं तिखट, वाळवणं, फ्रीज, शिलाई मशीन अशा विषयांवर गप्पा मारल्या. मोटारगाडीवर लिहायची पाळी माझ्यावर येईल असं काही वाटलं नव्हतं. पण अलीकडे आलेल्या पत्रांतली पाच-सहा पत्रं गाडीचीच निघाली. त्यातलं जळगावच्या एका भगिनीचं पत्र तर दोन रात्री डोक्यातून जाईना.

त्या लिहितात, "घरात आम्ही पाच माणसं. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासरे. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नानांचे गुडघे पार गेलेत, रिक्षात चढवणंही कठीण. माझं माहेर धुळ्याचं. आई एकटी असते, महिन्यातून दोनदा तरी जावंच लागतं. नानांना एस.टी.नं नेता येत नाही आणि घरी एकटं टाकताही येत नाही. म्हणून यांनी उंच बांध्याची छोटी एसयूव्ही घ्यायचं ठरवलंय. शोरूममधून सगळं धरून साडेदहा लाख होतात. साठवलेले चार लाख आहेत. हे म्हणतात, तुझ्या पाटल्या मोडू, सोन्याला भाव आहे, कर्ज तेवढंच कमी होईल. पाटल्या माझ्या आईनं लग्नात घातलेल्या. धाकट्या दिरांच्या मित्राची 2021 ची पेट्रोल गाडी साडेसहा लाखांत मिळतेय, पण हे म्हणतात, दुसऱ्यानं वापरलेली गाडी दारात नको. मी काही बोलायला गेले की तुला यातलं कळत नाही म्हणतात. खरंच नाही का हो कळत?"

कळतं, बाई. बाजारातून मेथीची जुडी आणताना आपण काडी मोडून बघतो. गाडीत तेच करायचं असतं, फक्त काडी कुठे मोडायची ते माहीत हवं.

आधी ही छोटी एसयूव्ही म्हणजे काय ते पाहू. नावाला भुलू नका. बहुतेक वेळा ही आपली नेहमीचीच गाडी, जमिनीपासून थोडी उचललेली आणि चार मीटरच्या आत बसवलेली. चार मीटरच का? तर 2006 पासून सरकारनं चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत दिली. म्हणून कंपन्यांनी मागचा भाग आखूड करून गाड्या त्या मापात बसवल्या. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्के झाला, त्याआधी तो 28 टक्के आणि वर अधिभार होता. इंजिनाची अट पेट्रोलला 1200 सीसी आणि डिझेलला 1500 सीसी. मापात बसली नाही की 40 टक्के. चार मीटरच्या आत असूनही इंजिन मोठं असेल तर सवलत नाही, हे शोरूममध्ये स्पष्ट विचारून घ्या.

या उंचीचा नानांना खरोखर उपयोग आहे. जमिनीपासून साधारण 190 ते 210 मिलिमीटर मोकळी जागा असते, आणि सीटही त्या मानानं वर येते. गुडघेदुखीच्या माणसाला खोल सीटमध्ये उतरायचं आणि पुन्हा वर यायचं, हे दोन्ही जड जातं. सीट कमरेच्या पातळीला असली की टेकता येतं आणि पाय आत वळवता येतात. पण सगळ्याच गाड्यांचं माप सारखं नसतं. काहींचा उंबरठा इतका रुंद असतो की बाहेर पाय टाकताना साडीचा काठ चिखलाला लागतो. म्हणून गाडी बघायला एकट्या पुरुषमंडळींनी जायचं नाही. नानांना न्यायचं, आपण साडी नेसून जायचं आणि मागच्या सीटवर पाच मिनिटं बसायचं. पुढे नाही, मागे! आपला प्रवास मागेच व्हायचा असतो. आणि आपल्या खानदेशात गाडी दुपारी दोन वाजता बघावी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. मागच्या सीटला वाऱ्याची जाळी आहे का आणि उन्हात उभी केलेली गाडी किती वेळात गार होते, हे संध्याकाळच्या गार वेळी शोरूममध्ये बसून कळायचं नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण पत्रातला काटा तिथेच आहे.

पाटल्या बाजूला ठेवून नवी गाडी घेतली, तर साडेसहा लाखांचं कर्ज काढावं लागेल. नऊ टक्के व्याजानं सात वर्षांचा हप्ता साधारण 10,460 रुपये पडतो. व्याज जातं सव्वादोन लाखांच्या वर. वापरलेली गाडी घेतली, तर चार लाखांतले 50 हजार टायर-बॅटरीसाठी हाताशी ठेवा आणि तीन लाखांचं कर्ज काढा. जुन्या गाडीला व्याजाचा दर जास्त पडतो. बारा टक्के धरला तर तीन वर्षांचा हप्ता 9,960 च्या आसपास, व्याज 59 हजारांच्या आत. पाहिलंत ना? हप्ता दोन्हीकडे दहा हजारांच्या जवळपासच, पण एक 36 महिने आणि दुसरा 84. दुकानात आपल्याला फक्त हप्ता सांगतात, महिने हळू आवाजात सांगतात.

दुसरं कोष्टक विमा कंपन्यांचं. गाडीची किंमत त्या दरवर्षी कशी उतरवतात बघा. पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के, वर्ष होईपर्यंत 15, दुसऱ्या वर्षात 20, तिसऱ्यात 30, चौथ्यात 40 आणि पाचव्यात 50. म्हणजे पाच वर्षांची गाडी त्यांच्या हिशोबात निम्मी झालेली असते. हा उतार कुणीतरी सोसलेला असताना गाडी घेण्यात कमीपणा कसला? उलट तोळ्याचा भाव 2025 मध्ये लाखावर गेला. भाव आहे म्हणून पाटल्या मोडा, हे म्हणणं वरवर बरोबर वाटतं. पण मोडताना घडणावळ परत मिळत नाही, आणि पुन्हा करायला गेलं की घडणावळही द्यायची आणि तीन टक्के जीएसटीही. सराफ बाजाराच्या गावात राहणाऱ्या बाईला हे मी काय सांगावं! शिवाय त्या पाटल्या स्त्रीधन आहेत. त्यांचं काय करायचं ते तिनं ठरवायचं. तिला मनापासून मोडाव्याशा वाटल्या तर ती गोष्ट वेगळी.

मात्र त्यांच्या यजमानांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. दसऱ्याला हार घातलेली कोरी गाडी दारात यावी, शेजारी पेढे वाटावेत, हे कष्ट करणाऱ्या माणसाला वाटणारच. आणि जुन्या गाडीत फसवणूक होते, ही त्यांची भीती खरीच आहे.

म्हणून जुनी गाडी बघायची रीत नीट समजून घ्या. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा दात बघतो, चालवून बघतो, पळवून बघतो. विकणाऱ्याला त्याचा राग येत नाही. गाडीवाल्यालाही येऊ नये, आणि आला तर उठून यावं.

गाडी सकाळी बघा, आणि "सुरू करून ठेवू नका" असं आधी कळवा. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागलं तर इंजिन आधीच चालू करून दुखणं लपवलंय अशी शंका घ्या. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं पाहिजे, निळा किंवा काळा धूर येता कामा नये. मग टायर. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2321 असेल तर 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. आपल्या उन्हानं रबर कडक होतं, नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांचा टायर बदलायचाच, आणि ते पैसे किमतीतून कापून घ्यायचे. मीटरवरचे किलोमीटर मागे फिरवता येतात, पण पायाखालच्या पेडलचं रबर मागे फिरत नाही. चाळीस हजार चाललेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली जुनी नोंद मागा.

पुरात बुडालेली गाडी ओळखायची असेल तर सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. टोकाशी मातीची रेघ किंवा डाग दिसतो, कारण तिथवर पुसायला कुणी जात नाही. पायपुसणी उचलून खालचं कापड हुंगा, सीटच्या खालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का बघा, डिकीतलं जादा चाक उचला. धुळ्याला सुरतेकडून आणि इंदूरकडून स्वस्त गाड्या येतात, त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. परराज्यातली गाडी इथे कायमची वापरायची तर तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. एमएच-18 किंवा एमएच-19 ची गाडी असेल तर हा कर एकदा भरलेला असतो, पुन्हा लागत नाही. नव्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत तो 11 टक्के आहे, म्हणजे ही बचत लहान नाही.

शेवटी गाडी भरून चालवा. चार माणसं, एसी चालू, आणि धुळ्याबाहेर लळिंगचा घाट. तिथे एसी लावून गाडी कुरकुरली तर पुढेही कुरकुरणार. खात्रीचा मेकॅनिक बरोबर न्या. हजार-दोन हजार घेईल, पण तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

कागदांबाबत मात्र मी स्वतः पोळले आहे, म्हणून जरा जास्त बोलते. आमची पहिली गाडी आम्ही घरोब्याच्या एका गृहस्थांना दिली. पैसे मिळाले, सह्या केल्या, चहा झाला. "नावावर करून घेतो वहिनी, तुम्ही काळजी करू नका," असं ते म्हणाले, आणि आम्ही केली नाही. तीन वर्षांनी आमच्या पत्त्यावर अपघाताच्या दाव्याची नोटीस आली. गाडी तोवर तिसऱ्याच्या हातात गेलेली, आरटीओत नाव मात्र यांचंच. किती हेलपाटे घातले ते आम्हालाच माहीत. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात स्पष्ट केलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या लेखी मालक तोच. तेव्हा विकत असाल तरी आणि घेत असाल तरी फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं समजू नका. गाडीवर कर्ज होतं का, ते परिवहनच्या ॲपवर नंबर घालून दिसतं. असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 हवा. विमा 14 दिवसांत नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो.

गाडी कोणती, याबद्दल थोडंच सांगते. 2022 पासूनच्या गाड्यांना पुढच्या दोन्ही एअरबॅगा सक्तीच्या आहेत. 2021 ची घेत असाल तर दोन्ही आहेत का ते प्रत्यक्ष बघा. टाटा नेक्सॉनला डिसेंबर 2018 मध्ये आणि महिंद्राच्या एक्सयूव्ही 300 ला जानेवारी 2020 मध्ये धडकेच्या चाचणीत पाच तारे मिळाले, ब्रेझाला 2018 मध्ये चार. 2020 च्या आधीची ब्रेझा फक्त डिझेलमध्ये होती. शाळा, भाजी आणि महिन्याला दोन धुळे एवढीच फेरी असेल तर डिझेल घेऊ नका. बीएस-6 डिझेलच्या धुराची जाळी छोट्या फेऱ्यांनी तुंबते. फोर्डची इकोस्पोर्ट स्वस्त मिळते, पण फोर्डनं सप्टेंबर 2021 मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, तेव्हा सुटे भाग कुठून आणणार ते आपल्या मेकॅनिकला आधी विचारा.

रोज साठ-सत्तर किलोमीटर जायचं असेल, घरात गाडीतलं कळणारं कुणी नसेल किंवा मिळालेल्या गाडीचे कागद स्वच्छ नसतील, तर नवीच घ्या. पण खालचं मॉडेल घ्या. नेक्सॉन आणि एक्सयूव्ही 3एक्सओ या नव्या गाड्यांत खालच्या मॉडेललाही सहा एअरबॅगा येतात. छतातली काच आणि मोठा पडदा यांनी नानांचे गुडघे बरे होत नाहीत.

तर जळगावच्या ताई, तुमचं सगळं मिळून महिन्याला सहा-सातशे किलोमीटरच्या पुढे जात नाही. दिरांच्या मित्राची गाडी या रविवारी सकाळी बघून या. पट्टा ओढा, टायरचे आकडे लिहून घ्या, नंबर ॲपवर घाला. जीएसटी उतरल्यावर नव्या गाड्यांचे भाव खाली आलेत, ते दाखवून साडेसहाचे सहा करून मागा. सगळं जुळलं तर घ्या, आणि आरटीओत तुमचं नाव घालायला सांगा. नाही जुळलं तर दुसरी बघा. दसरा दरवर्षी येतो. यजमानांना हार-पेढ्यांची हौस आहे ना, ती जुन्या गाडीलाही करता येते.

आणि नानांना कुठल्या गाडीत चढायला सोपं गेलं ते मला नक्की कळवा. माझ्या सासूबाईंचेही गुडघे दुखू लागलेत.