फिरत्या घराची वीज आणि कारागिराची जबाबदारी

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि न्हाणीची सोय असलेली मोटार म्हणजे कॅराव्हॅन किंवा मोटरहोम. चित्रीकरणाच्या जागी उभी राहणारी व्हॅनिटी व्हॅन आणि खाद्यपदार्थांची गाडी ही तिचीच भावंडे. या गाड्यांचे पत्राकाम, सुतारकाम, गादीकाम, एसीचे काम आणि वायरिंग यांत आपल्या कारागिरांचा हात मोठा आहे. काम चांगले आहे, मजुरीही बरी मिळते. परंतु या धंद्यातील एका वाईट सवयीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

गाडी मुक्कामाला थांबली की तिला बाहेरून २३० व्होल्टची वीज जोडतात. मुक्कामतळावरील खांबापासून किंवा हॉटेलच्या भिंतीवरील सॉकेटपासून केबल गाडीपर्यंत येते. तक्रारी ठराविक असतात. वीज येतच नाही, आली तर खटका पडतो, एसी सुरू होत नाही किंवा दाराला हात लावला की झिणझिण्या येतात. मग जवळच्या मिस्त्रीला बोलावणे जाते. गिऱ्हाईक घाईत असते, मिस्त्रीही घाईत असतो. वारंवार पडणारा आरसीसीबी काढून तारा सरळ जोडल्या जातात. दिवे लागतात, पैसे मिळतात आणि मिस्त्री घरी जातो. ही दुरुस्ती नाही, गाडीत ठेवून दिलेला धोका आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. फेजमधून जितका करंट गेला तितका न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढेच आरसीसीबी पाहतो. फरक ३० मिलिअँपियरपर्यंत पोहोचला की तो वीज तोडतो. हा फरक म्हणजे करंट दुसऱ्या वाटेने, पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून, जमिनीत चालला आहे. गाडी रबरी टायरवर उभी असते. आत फेजची तार पत्र्याला लागली आणि अर्थिंगची तार तुटलेली असली, तर सारी गाडी जिवंत होते. आत बसलेल्याला काही जाणवत नाही. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून दार उघडणाऱ्याला मात्र झटका बसतो आणि तो बहुधा घरातील मूल किंवा पाणी भरून आणणारी बाई असते. तेव्हा पडणारा खटका हा रोगाची खूण आहे, आणि खूण पुसल्याने रोग जात नाही.

दोष शोधण्याची रीत अवघड नाही. पहिला नियम असा की गाडी उघडण्यापूर्वी खांब तपासावा. त्यासाठी नुसता टेस्टर पुरत नाही. न्यूट्रल तुटला असला तरी फेजवर टेस्टर पेटतोच. मल्टिमीटर घ्यावा. फेज व न्यूट्रल यांमध्ये २३०च्या आसपास, फेज व अर्थिंग यांमध्येही जवळपास तितकेच आणि न्यूट्रल व अर्थिंग यांमध्ये अगदी थोडे व्होल्ट दिसले पाहिजेत. फेज व न्यूट्रल यांमध्ये ३०० किंवा त्याहून अधिक व्होल्ट दिसले, तर मागे थ्री फेजचा न्यूट्रल तुटल्याची दाट शंका घ्यावी आणि गाडी जोडू नये, नाहीतर फ्रिज, टीव्ही, चार्जर सारे जळून जाईल. अर्थिंग मिळत नसेल तरीही जोडू नये. मीटरला व्होल्ट दिसले म्हणजे अर्थिंग दमदार आहे असेही नाही. सुकलेल्या खड्ड्यातील कमजोर अर्थिंगवरही मीटर आकडा दाखवतो. त्याची खरी परीक्षा अर्थ टेस्टरनेच होते. फेज आणि न्यूट्रल उलटे लागले आहेत का, हेही पाहावे. ते उलटले असतील तर गाडीतील एकेरी खटका बंद करूनही उपकरणात फेज शिल्लक राहतो.

दुसरी पायरी केबलची. युरोपातील मुक्कामतळांवर १६ अँपियरच्या जोडणीसाठी २.५ चौरस मिलिमीटरची, सुमारे २५ मीटर लांबीची, तीन तारांची केबल वापरतात. ही मापे आपणही धरावीत. या केबलवर १६ अँपियरला सुमारे ६ व्होल्ट गळतात. त्याऐवजी १ चौरस मिलिमीटरची ५० मीटर वायर ओढली तर जवळपास २९ व्होल्ट गळतात, आणि इतक्या बारीक वायरला १६ अँपियर झेपतही नाहीत. एसीचा कॉम्प्रेसर उचलत नाही याचे कारण पुष्कळदा हेच असते, आणि दोष मात्र एसीवर येतो. रीळवर गुंडाळलेली केबल तशीच वापरू नये, पूर्ण उलगडावी. गुंडाळीत उष्णता कोंडते आणि इन्सुलेशन वितळते. पिना काळ्या पडल्या असतील तर प्लग बदलावा. दोन्ही टोकांना टॉप लावलेली वायर तर कोणी मागितली तरी करून देऊ नये. तिच्या उघड्या पिनांवर वीज असते.

तिसरी पायरी गाडीच्या आत. हात घालण्यापूर्वी बाहेरची केबल काढावी आणि इन्व्हर्टरही बंद करावा. केबल काढली तरी इन्व्हर्टर आतल्या सॉकेटांना २३० व्होल्ट देत राहतो, हे अनेकजण विसरतात. मग सर्व उपकरणे सॉकेटमधून काढून आणि सर्व एमसीबी पाडून केबल पुन्हा जोडावी व आरसीसीबी चढवावा. तो टिकला तर एकेक एमसीबी चढवत आणि एकेक उपकरण लावत जावे. ज्याने खटका पडेल तिथे दोष आहे. गीझरची कॉईल हा नेहमीचा संशयित. सर्व एमसीबी पाडूनही आरसीसीबी पडत असेल, तर कुठेतरी न्यूट्रल अर्थिंगला टेकला असण्याचा संभव मोठा. एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. अशा वेळी वीज तोडून न्यूट्रल पट्टीवरील तारा एकेक सोडवून तपासाव्यात. इन्व्हर्टर बसवताना चेंजओव्हर दोन्ही तारा तोडणारा नसेल तरीही असाच खटका पडतो. खटका आरसीसीबीचा की एमसीबीचा हे आधी पाहावे. पहिला गळती सांगतो, दुसरा जादा भार किंवा शॉर्ट.

भाराचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. १६ अँपियर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे ३,६८० वॅट. गीझर २,००० वॅट, इंडक्शन शेगडी २,००० वॅट आणि एसी १,५०० वॅट धरला तर तिन्ही मिळून ५,५०० वॅट होतात. हॉटेलच्या ६ अँपियरच्या सॉकेटवर तर जेमतेम १,३८० वॅट मिळतात. इथे मोठा एमसीबी बसवणे हा उपाय नव्हे, त्याने वायर जळेल. काय एकत्र चालवावे आणि काय नाही, याची मराठीत लिहिलेली पाटी पॅनेलजवळ चिकटवून द्यावी.

बॅटरीची फसवणूकही ध्यानात ठेवावी. गाडीतील दिवे आणि पंप बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. बाहेरची वीज रात्री गेली तरी दिवे चालू राहतात आणि मालकाला पत्ता लागतो तो सकाळी, बॅटरी उतरल्यावर. मग नवी बॅटरी विकली जाते आणि दोष तसाच राहतो. लेड अ‍ॅसिडची भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असते आणि चार्जिंग चालू असताना १३.५च्या वर जाते. केबल जोडूनही आकडा १२.३वर अडला असेल तर चार्जरला वीज मिळत नाही किंवा चार्जर बिघडला आहे. ज्या बॅटरीची गरज नाही ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणे हे सचोटीच्या व्यापारात बसत नाही.

यावर कारागीर म्हणतील, तपासणीचे पैसे कोण देतो? तक्रार खरी आहे. गिऱ्हाईक बदललेल्या वस्तूचे पैसे देते, डोक्याचे देत नाही. पण याला काही अंशी आपणही जबाबदार आहोत. आपण तपासणीची मजुरी बिलात वेगळी लिहीतच नाही. आमची सूचना अशी की प्रत्येक कामानंतर चिठ्ठी द्यावी: खांबावर किती व्होल्ट, केबल किती जाडीची, आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबल्यावर तो पडला की नाही, दोष कुठे सापडला. अशी चिठ्ठी देणाऱ्याला मजुरी मागताना संकोच वाटणार नाही, आणि उद्या वाद झाला तर तीच त्याची बाजू सांगेल. वायरमनचा परवाना नसलेल्या मुलांनी तो मिळवावा. नुसत्या उस्तादाच्या नावावर मोठ्या कंपन्या काम देत नाहीत.

मुक्कामतळ चालवणाऱ्या व्यापाऱ्यांनाही सांगणे आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तळावरील प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र ३० मिलिअँपियरचे गळती-संरक्षण आणि स्वतंत्र एमसीबी हवा. साऱ्या तळाला एकच आरसीसीबी लावला तर एका गाडीच्या दोषाने सर्वांचा अंधार होतो, आणि मग कोणीतरी तो काढून टाकतो. चार पैसे वाचवण्यासाठी हा मार्ग धरू नये.

गिऱ्हाईक घाई करील, दुसऱ्याकडे जाण्याची धमकीही देईल. त्याला खुशाल जाऊ द्यावे. आरसीसीबी काढून देण्याची मजुरी आपल्या गल्ल्यात आली नाही तर रोजी बुडत नाही. पण आपण सरळ जोडलेल्या तारेने एखाद्या घरचे माणूस गेले, तर त्याची भरपाई कोणत्याही गल्ल्यातून होणार नाही.