भाव चढले, भाडे चढले. अठराशे रुपये जागचे हलेनात!



भुसावळसारख्या गावात घरांचे भाव महिन्याला किती हलले याचा हिशेब सरकारदरबारी कोणीच ठेवत नाही. नॅशनल हाउसिंग बँकेचा 'रेसिडेक्स' निर्देशांक पन्नास शहरांचा, तोही तीन महिन्यांनी एकदा. त्यात ना भुसावळ, ना जळगाव. रेडी रेकनरचा तक्ता वर्षातून एकदा लागतो, आणि २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षी राज्य सरकारने तो जसाच्या तसा ठेवला. म्हणजे कागदावर भाव दोन वर्षे गाढ झोपले होते!

बाजार मात्र झोपत नाही. मे-जूनमध्ये बदल्यांचे हुकूम निघतात, शाळा उघडायच्या असतात, त्या महिन्यात दोन खोल्या मागायला गेलेल्या माणसाशी दलाल उभ्या उभ्याच बोलतो. अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालक नवा आकडा सांगतो, आणि अनामतही वाढवून मागतो. दसरा-दिवाळीला प्लॉटच्या जाहिराती झळकतात: मोजकेच शिल्लक, त्वरा करा. प्लॉटचा भाव चढला की ज्याच्याजवळ चार प्लॉट आहेत तो पेढे वाटतो. आमच्या पॉइंट्समनला त्यातून एवढेच मिळते की घरमालक त्या भावाकडे बोट दाखवून भाडे वाढवतो. भाव उतरल्याची बातमी कधी आलीच, तर त्या महिन्यात भाडे उतरल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

या बाजारात सरकारने आपल्याला काय देऊन पाठवले आहे ते पाहा. सहाव्या वेतन आयोगानंतर २००८ मध्ये घरभाडे भत्ता ३०, २० आणि १० टक्के होता. सातव्या आयोगाने तो २४, १६ आणि ८ वर आणला. वेतन जानेवारी २०१६ पासून सुधारले, पण भत्ते जुलै २०१७ पासून. मधले अठरा महिने गिळून टाकले. मग महागाई भत्ता २५ टक्क्यांवर गेल्यावर ९ टक्के, ५० वर पोहोचल्यावर जानेवारी २०२४ पासून १० टक्के. सोळा वर्षे चालून आपण जिथून निघालो तिथेच आलो, आणि याला वाढ म्हणायचे!

पण खरी मेख पुढे आहे. सर्वात खालच्या माणसाचे मूळ वेतन १८,००० रुपये. 'झेड' वर्गाच्या गावासाठी किमान भत्ता जुलै २०१७ मध्येच १,८०० ठरला होता. त्यामुळे दर आठ टक्के असताना १,८००, नऊ झाले तेव्हा १,८००, आणि दहा झाले तरी १,८००! २०१७ मध्ये भरती झालेल्या ट्रॅकमनला पहिल्या महिन्यात जो भत्ता मिळाला, तोच २०२४ मध्ये भरती झालेल्याला मिळाला. जुन्या माणसाला वार्षिक वेतनवाढीमुळे चार पैसे सरकले असतील. नव्या पोराला एक छदाम नाही. आणि महागाई भत्ता? जुलै २०१७ मध्ये ५ टक्के होता, जुलै २०२५ मध्ये ५८ टक्के झाला. म्हणजे डाळ, तेल, कापड महागले हे सरकारनेच मान्य केले. झेड वर्गातली खोली तेवढी महागली नाही, असे कोणी तपासले?

यावर साहेबांचे ठरलेले उत्तर असते की लहान गावात स्वस्ताई असते. असे असेल तर महागाई भत्ता मुंबईला आणि भुसावळला एकाच टक्क्याने का देता? तिथे देश एक, आणि घराचा प्रश्न आला की वर्ग तीन! वर्गही भाड्यावर ठरत नाहीत, डोकी मोजून ठरतात. पाच लाखांच्या आत झेड, पाच लाखांपासून वाय. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या ४ लाख ६० हजार भरली. चाळीस हजार डोकी कमी पडली म्हणून तिथल्या किमान भत्त्यावरचा पोस्टमन १,८०० घेतो आणि नाशिकचा ३,६००. २०२१ ची जनगणना झालीच नाही; पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर सोळा वर्षांपूर्वीची डोकी दाखवून आजचा भत्ता कापायचा. भुसावळ तर पावणेदोन-दोन लाखांचे गाव, त्याने वाट पाहायची तरी कशाची? इटारसी, खंडवा, आमला, वाडी, गुंतकल इथल्या बांधवांचीही हीच गत आहे. जंक्शन मोठे, गाव लहान! आणि ग्रामीण डाक सेवकाबद्दल काय बोलावे. त्याला घरभाडे भत्ता तर नाहीच, उलट शाखा डाकघराला जागा त्यानेच पुरवायची.

क्वार्टर घ्या म्हणतात. क्वार्टर घेतले की भत्ता बंद, लायसन्स फी चालू, आणि पावसाळ्यात छत कुठे गळते ते आपण शोधायचे. २००६ पासून रेल्वेची मोकळी जमीन व्यापारी वापरासाठी देण्याकरिता स्वतंत्र प्राधिकरण आहे. जमीन आहे, बांधणारे आहेत, फक्त गँगमनला दोन खोल्या बांधून देताना पैसा नसतो.

आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेला ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. न्यायमूर्ती रंजना देसाई अध्यक्ष आहेत आणि अहवालाला अठरा महिन्यांची मुदत आहे. आयोगापुढे घोषणा चालत नाहीत, आकडे लागतात, आणि झेड वर्गाचे आकडे आपल्याशिवाय कोणाजवळ नाहीत. म्हणून आमचे सर्व शाखांना सांगणे आहे की या महिन्यापासून एक वही घाला. गाव, मोहल्ला, खोल्या किती, भाडे, अनामत, पाणी-वीज वेगळी की धरून, मागच्या करारात भाडे किती होते. प्रत्येक सभासदाकडून दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत लिहून घ्या. करार किंवा पावती असेल तर झेरॉक्स जोडा. घरमालक पावती देत नसेल तर तसेही लिहा, पण आकडा फुगवू नका. एक खोटी नोंद सापडली की बाकीच्या शंभर वाया जातील. पोस्टातल्या बांधवांच्या नोंदी त्याच वहीत घ्या, भाडे काही खाते विचारून वाढत नाही. मागणी दोनच ओळींची ठेवली आहे: झेडचा किमान भत्ता वायच्या बरोबरीला आणा, आणि तो महागाई भत्त्याबरोबर वाढता ठेवा. वह्यांच्या नकला विभागीय कार्यालयात दर तिमाहीला पोहोचल्या पाहिजेत.