पाकिटातला फोटो

वॉर फिल्म म्हटलं की आपल्याला रणगाडे नि बॉम्ब दिसतात. पण शत्रूने ताबा घेतलेल्या देशात खरी लढाई घराघरांत चालते. झाँ-पिएर मेलव्हिलचा १९६९ चा ‘आर्मी ऑफ शॅडोज’ बघा. (वीकेन्डला हलकंफुलकं हवं असेल तर नकाच बघू!) फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात आहे आणि मूठभर माणसं लपूनछपून लढताहेत. त्यांच्यातलं सर्वांत तल्लख डोकं मातिल्दचं. सिमोन सिन्योरेने ही बाई काय उभी केलीय! तिची कमजोरी एकच, पाकिटातला मुलीचा फोटो. ‘तो जवळ ठेवू नकोस’ असं सहकारी बजावतो. ती ऐकत नाही.

पुढे सस्पेन्स फुटतोय, सॉरी. ती पकडली जाते, फोटो सापडतो. साथीदारांची नावं दे, नाहीतर पोरीचं काय होईल ते बघ! शेवटी तिचेच साथीदार तिला भररस्त्यात गोळी घालतात.

हे बघताना मला आठवलं येवला. हो, तेच पैठणीचं येवला. शिर्डीला जाऊन आलेली मंडळी खरेदीसाठी वाट वाकडी करतात, ते. तात्या टोपे या गावचे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, दुसरे बाजीराव कानपूरजवळ बिठूरला गेले. त्यांच्या चाकरीतले तात्यांचे वडील पांडुरंगरावही घरदार घेऊन तिकडेच गेले. तात्या तेव्हा अगदी लहान होते.

पुढचं शाळेत घोकलंय. १८५७, कानपूर, झाशी, ग्वाल्हेर. जून १८५८ मध्ये राणी पडल्यावरही तात्या जवळजवळ दहा महिने इंग्रजांना झुलवत राहिले. मग मानसिंगाने दगा दिला. शाळेत धडा इथेच संपतो. मानसिंग म्हणजे गद्दार, विषय कट!

पण मधले दिवस बघा. हा मानसिंग स्वतःच बंडखोर होता. नरवरच्या वारशावरून त्याचं शिंद्यांशी वैर होतं. तात्यांना पारोणच्या जंगलात त्याचाच आसरा होता. मेजर मीडने आधी त्याच्या कारभाऱ्याला गाठलं, मग घरच्या बायकांना इंग्रजांच्या छावणीत आणवलं. २ एप्रिल १८५९ ला मानसिंग हजर झाला. ७ एप्रिलच्या रात्री झोपलेले तात्या पकडले गेले. खटल्यात त्यांनी सांगितलं, जे केलं ते पेशव्यांच्या हुकमाने. १८ एप्रिलला शिवपुरीत फाशी.

मानसिंगाला माफ करा, असं मी म्हणत नाहीये. त्याला स्वतःचा जीव वाचवायचा होता, गेलेली इस्टेट परत हवी होती. पण मीडला नेमकं कुठे दाबायचं ते कळलं होतं. जर्मनांनाही तेच कळलं होतं.

‘मणिकर्णिका’त (२०१९) अतुल कुलकर्णी तात्या झाला होता. पण तो सिनेमा राणीचा. एखाद्या मराठी दिग्दर्शकाने एप्रिल १८५९ चे ते पाच दिवस घ्यावेत. घोडदौड कमी चालेल. कॅमेरा छावणीतल्या त्या बायकांपाशी ठेवा. बाहेर आपल्यासाठी कुणाचा सौदा चाललाय, हे त्यांना ठाऊक होतं का? मला तो सिनेमा बघायचाय.

तोवर मातिल्दला भेटा. आणि मग मोबाईलच्या वॉलपेपरवर कुणाचा फोटो आहे, तेही एकदा बघा.