चाल विसरलेलीं भुतें

अलीकडील भयपटांतील भुतांना चालतां येत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत झालें आहे. तीं दाराशीं दिसतात, दिवा लुकलुकतो, आणि तींच पलंगाच्या उशाशीं उभीं! मधले दहा हात त्यांनीं कसे आक्रमिले हें विचारण्याची सोय नाहीं. कारण त्याच क्षणीं वाद्यांचा असा कल्लोळ उठतो कीं प्रेक्षक दचकतो, आणि दचकणें म्हणजेच भिणें अशी त्याची समजूत करून दिली जाते. ही समजूत खोटी आहे. पाठीमागें फटाका वाजला असतां शूरहि दचकतो. म्हणून तो फटाक्याला भ्याला असें कोणी म्हणत नाहीं.

या प्रकाराचे कैवारी म्हणतात, 'भूत अशरीरी. त्याला वाट कसली आणि वेळ कसला?' ठीक आहे. मग ज्याला भिंत आडवी येत नाहीं तें भूत पुढच्याच प्रसंगीं दाराची कडी कां खडखडवितें? जें निमिषांत कोठेंहि प्रकट होतें त्याला पळणारी नायिका तासभर कां सांपडत नाहीं? खरें कारण परलोकांतलें नसून कात्रींतलें आहे. पॅरिसच्या रस्त्यावर चित्रण करतांना जॉर्ज मेलिएस यांचें यंत्र क्षणभर अडकलें आणि पडद्यावर घोड्यांच्या बसची एकाएकीं शववाहिका झाली, अशी त्यांनीं स्वतः सांगितलेली हकीकत आहे. १८९६ सालींच त्यांनीं सैतानाच्या वाड्याचा एक छोटा चित्रपट काढून त्यांत भुतें प्रकट व गुप्त केलीं. तेव्हां ती गंमत होती व गंमत म्हणूनच दाखविली गेली. सव्वाशें वर्षांनंतर तीच भय म्हणून विकली जावी, याला प्रगति म्हणावें काय?

याउलट आमच्या महाड-पोलादपूरकडील, किंबहुना साऱ्या कोकणांतील, जुनीं भुतें पाहावीं. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा डोहांत, समंध पुरलेल्या धनापाशीं. चकवा वाटसरूला रात्रभर एकाच माळावर फिरवितो. वेताळ अमावास्येला पलित्यांची मिरवणूक घेऊन निघतो. हडळीचीं पावलें उलटीं, म्हणजे माग पाहून ती गेली असें वाटावें तोंच ती येत असावयाची! प्रत्येकाला घर, प्रत्येकाला चाल, प्रत्येकाला शीव. हीं भुतें खरीं होतीं असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु त्यांच्या भयांत मुलखाची ओळख होती. सावित्रींत मगरी आहेत. ती व गांधारी चढल्या म्हणजे महाड शहराची काय दशा होते, हें जुलै २०२१ मध्यें साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. गिऱ्ह्याच्या धाकानें एखादें पोर डोहापासून दूर राहिलें असेल, तर तो धाक अगदींच वेडगळ म्हणवत नाहीं. पडद्यावरचें भूत मात्र कोठलेंच नाहीं. त्यापासून मूल कोणती जागा ओळखावयास शिकणार? त्याची झोंप मोडते, एवढाच लाभ.

येथें कोणी चतुर वाचक कशेडी घाट पुढें करील. पोलादपूरहून खेडकडे जाणाऱ्या या घाटाच्या गोष्टी कोकणांत कोणीं ऐकल्या नाहींत? एका वळणावर हात करणारी बाई पुढच्या वळणावर पुन्हा उभी! मग ही उडी नव्हे काय? उडी खरीच, पण भेद लक्षांत घ्यावा. ती उडी कोणी पाहिलेली नसते. ती डोंगराच्या वळणानें झांकलेली असते, आणि ऐकणाऱ्याचें मन त्या काळोखांत तिची वाट शोधीत राहतें. शिवाय ती बाई घाट सोडून कोणाच्या माजघरांत येत नाहीं. तेथें अंतर लपविलेलें असतें. चित्रपटांत तें कापून टाकलेलें असतें. लपविलेल्या वस्तूचें भय वाटतें, नसलेल्या वस्तूचें वाटत नाहीं.

हें पडद्यावर साधत नाहीं असेंहि नाहीं. हिदेओ नाकाता यांच्या 'रिंगु' (१९९८) या जपानी चित्रपटांतील सदाको विहिरींतून निघते आणि अडखळत पडद्यापर्यंत येते. त्यासाठीं नटीला उलटें चालवून तें चित्रण पुन्हा उलटें फिरविलें होतें. आमच्या हडळीचीच ती बहीण! तिला सात दिवसांची मुदतहि पाळावी लागते. कशेडीपलीकडील खेड तालुक्यांतल्या गांवाचें नांव घेतलेल्या, राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) मधील हस्तराला पिठाचें रिंगण ओलांडतां येत नाहीं. त्या रिंगणाच्या कडेकडे आपण श्वास रोखून पाहतों, कारण नियम आपणांस ठाऊक असतो.

आतां कशेडीच्या पोटांतून बोगदा झाला आहे. प्रवाशांची सोय झाली, हें उत्तमच. पण भुताला असली सोय करून देण्याचें चित्रपटकारांना कारण नाहीं. त्यांनीं भूत अवश्य दाखवावें. मात्र तें कोठलें, त्याची शीव कोणती आणि तें कसें चालतें, हें आधीं ठरवावें. आणि ज्या घरांत असले चित्रपट मुलांसह पाहिले जातात, तेथील वडील माणसांनीं दिवा लावल्यावर एवढेंच विचारावें : 'बाळ, तें भूत दारापासून उशापर्यंत कसें आलें?' उत्तर नसेल, तर त्या चित्रपटाचें भय तेथेंच संपलें म्हणून समजावें.