धुणे आणि पेला

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात, एस्प्लनेड रस्त्यावर, ‘चेकपॉइंट चार्लीज’ नावाचा गुत्ता प्रसिद्ध आहे. दारू, गाणे-बजावणे आणि कपडे धुण्याची यंत्रे, सारे एकाच छपराखाली!

कौतुक करणारे म्हणतात, हा शहरातला पाणवठाच. एकाकी माणसे तेथे दोन शब्द बोलतात. एकाकीपण खरे आहे, हे आम्हांलाही मान्य. पण पाणवठ्यावर बोलण्यासाठी पेला विकत घ्यावा लागत नसे.

आक्षेप मालकावर नाही, कल्पनेवर आहे. धुणे ही चैन नव्हे, गरज आहे. घरी यंत्र नसलेला भाडेकरूच तेथे गाठोडे घेऊन जाणार आणि कपडे वाळेपर्यंत अडकून पडणार. नेमक्या त्याच वेळी त्याच्यापुढे बाटली ठेवणे ही सोय की सापळा? दारू सोडू पाहणाऱ्याने स्वच्छ सदरा कोठे मिळवावा? लेकरांना घेऊन आलेल्या आईने कोठे बसावे?

सॅन फ्रान्सिस्कोत १९८९ ते २०१७ पर्यंत चाललेल्या ‘ब्रेनवॉश’मध्ये बिअर मिळे, पण धुणे होईपर्यंत माणसे रमत ती खाण्यात आणि हौशी विनोदवीरांच्या मंचापुढे. म्हणजे माणसे जोडायला गुत्ताच लागतो असे नाही. सदऱ्यावरचा डाग काढता काढता संसारावर डाग पाडू शकणाऱ्या व्यवहाराला शेजारधर्माचे नाव देऊ नये.