साठी, नाठी आणि अरळु-मरळु

मराठीत आपण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतो. कानडीत त्याच वयाला ‘अरवत्तक्के अरळु मरळु’ म्हणतात. मतलब एकच. माणूस साठीला आला, आता त्याच्या बोलण्याकडे फारसे लक्ष देऊ नये. पण द. रा. बेंद्रे यांनी साठीच्या सुमारास आपल्या काव्यसंग्रहाला नेमके ‘अरळु मरळु’ हेच नाव दिले. अरळु म्हणजे उमलणे आणि मरळु म्हणजे परतणे, असा त्यांचा श्लेष होता. या संग्रहाला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. घरात मराठी, कविता कानडी आणि काही वर्षे नोकरी सोलापूरच्या कॉलेजात, असा हा माणूस. आपल्यासारख्या दुभाषी घरांना तो दोन्ही बाजूंनी नातेवाईक लागतो.

बेंद्र्यांची गोष्ट वेगळी. आपल्या घरांत मात्र या म्हणींआड एक आजार लपून राहतो. आजी तोच प्रश्न दहा वेळा विचारतात, आजोबा ओळखीच्या गल्लीत वाट चुकतात, पेन्शनचे पासबुक तांदळाच्या डब्यात सापडते. आपण ‘वय झाले’ म्हणून हसतो. हे हसणे थांबवून आधी डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडचा दोष, बी-१२ची कमतरता किंवा नैराश्य यांनीही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. ही कारणे नसतील, तर तो स्मृतिभ्रंश असू शकतो. जपानने २००४ साली या आजाराचे जुने, हिणवणारे सरकारी नाव बदलले. आपल्याला निदान म्हण तरी आवरता येईल.

स्मृतिभ्रंशाचा माणूस घरात सांभाळणे ही बहुतेक ठिकाणी एका बाईची नोकरी होते, बिनपगारी आणि चोवीस तासांची. रात्री कडी काढून म्हातारे बाहेर पडतात, म्हणून सूनबाई दाराशी अंथरूण टाकून झोपते. मुलगा कामावर, नातवंडे शिकायला नागपूर-पुण्याला. अशा घराने बाहेरची मदत घ्यायची म्हटली, की ‘आईला आश्रमात टाकले’ हे ऐकून घ्यावे लागते. बोलणारे रात्री जागायला येत नाहीत, हेही सांगून टाकतो.

आपल्या मनात वृद्धाश्रम म्हणजे ओळीने मांडलेल्या खाटा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांची सोय असलेल्या आश्रमापासून सुरुवात करण्याची कल्पना आहे. निराधारांना छप्पर हवेच. पण ज्याला कालचे आठवत नाही, त्याला दीडशे चेहरे म्हणजे रोज नवे रेल्वे स्टेशन. जपानच्या ‘ग्रुप होम’मध्ये म्हणूनच एका गटात नऊपेक्षा जास्त माणसे ठेवत नाहीत, आणि जमेल तो भाजी निवडतो, ताटे पुसतो. नेदरलँड्समधल्या वेस्प गावी २००९ साली उभ्या राहिलेल्या होखवेक वसाहतीत सहा-सात जणांचे एकेक घर आहे. तिथे कोण कोणाबरोबर राहणार, हे माणसाची जगण्याची रीत पाहून ठरते. आपल्या देशातही काम चालू आहे. या आजाराचे काम करणारी ए.आर.डी.एस.आय. ही संस्था १९९२ साली केरळात सुरू झाली. बेंगळुरूमध्ये नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्टचे केंद्र २०१० साली निघाले. पुण्यातही अशी लहान घरे आहेत. बालाघाटहून मात्र ही सगळी ठिकाणे फार दूर.

पण अंतरापेक्षा मला भाषेची काळजी जास्त वाटते. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली तो प्रसिद्ध केला. दोन भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि निरक्षरांतही हा फरक होता. शाळेची पायरी न चढलेल्या, पण माहेरी कानडी आणि सासरी मराठी बोलणाऱ्या आपल्या आज्यांना हे सांगायला हवे होते. मात्र आजार आला, की पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते. पन्नास वर्षे मराठीत संसार केलेली बाई एके दिवशी पाण्याला ‘नीरु’ म्हणू लागते. सांभाळणारी मुलगी फक्त हिंदी जाणणारी. आजी ‘साकु, साकु’ म्हणत राहतात आणि ती घास भरवतच राहते. शेवटी आजी हात झटकतात, आणि वहीत नोंद होते: पेशंट मारकुटी आहे. मग झोपेची गोळी. वास्तविक ‘साकु’ म्हणजे ‘पुरे’, एवढेच.

म्हणून घर पाहायला जाल तेव्हा फरशी आणि टीव्ही पाहू नका. रात्री किती माणसे जागी असतात, ते विचारा. कोणाला खाटेला बांधतात का, शांत करण्याच्या गोळ्या कोण ठरवतो, अंथरुणाला खिळल्यावरही ठेवून घेतात का, हेही विचारा. न कळवता भेटायला येऊ देत नसतील, तर तिथूनच परत फिरा. आणि आईची भाषा बोलणारे एक तरी माणूस तिथे आहे का? आचारी असला तरी चालेल.

तसे माणूस नसेल, तर घरच्यांनी एक वही करून द्यावी. घरी कामाला बाई ठेवली असेल, तरी करावी. आई धडधाकट असतानाच तिच्याशी बोलून लिहिलेली उत्तम. पाणी, जेवण, पुरे, दुखते, लघवीला जायचे, हे शब्द दोन्ही भाषांत, पण देवनागरीत लिहावेत. चहा की कॉफी, भाकरी ज्वारीची की भात, कोणत्या देवाचे नाव घेतल्यावर झोप लागते, कोणाच्या आठवणीने रडू येते, तेही लिहावे. पहिल्या पानावर तिचे माहेरचे नाव घालावे. सासरच्या नावाला ओ देणे थांबले, तरी त्या हाकेला ती बहुधा वळून पाहील.