टेलच्या प्रेक्षकाचं डॉ. जब्बार पटेल यांना खुलं पत्र

डॉ. जब्बार पटेल,
संचालक, पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव



डॉक्टर, तुम्ही दौंडला दवाखाना चालवलेला माणूस. खडकवासल्याचं आवर्तन सुटलं की पाणी दौंडपर्यंत कसं येतं आणि इंदापूर गाठेपर्यंत त्याचं काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी त्या कालव्याच्या टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा माणूस. पाण्याचं गाऱ्हाणं मात्र इथं मांडत नाही, त्यासाठी आमच्याकडे पुढारी मुबलक आहेत. मला सिनेमाबद्दल बोलायचंय, आणि सिनेमाच्या बाबतीतही आम्ही टेललाच आहोत.

मी जाणकार नाही. खतं-बियाण्यांचं दुकान आहे, जमलं तर महिन्याकाठी एखादा सिनेमा बघतो आणि पेपरातली सिनेमाची बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. आता गंमत अशी झालीय की या बातम्यांमधली माणसं आमच्या ओळखीची निघायला लागलीत.

जानेवारी २०२५ मध्ये बातमी आली की रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. १९ सप्टेंबरला तो आपल्याकडे थिएटरात आला. मला मिळाला तो पुण्यात, तोही मार्केट यार्डाचं काम लवकर उरकलं म्हणून. वडील गेले म्हणून दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, गावात शेती करणारा त्याचा बालमित्र बाळ्या, आणि त्या दोघांतलं प्रेम. दोन पुरुषांचं प्रेम म्हटल्यावर आमच्या बारामती-इंदापुरात हा कोण बघणार, हा प्रश्न मलाही पडला होता. पण पडद्यावर सुतकात काय चालतं न् काय चालत नाही हे बजावणारे नातेवाईक दिसले, दुखवट्यातसुद्धा पोराच्या लग्नाचा विषय काढणारी मंडळी दिसली, आणि मला वाटलं, हे तर आमच्याच भावकीतले लोक आहेत. त्या घरात बसून दहा दिवस काढले की प्रेक्षक पुढचंही समजून घेतो. निदान मी घेतलं, आणि मी काही फार पुढारलेला माणूस नाही.

तीच गोष्ट जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ची. २०२३ मध्ये टोरांटोला गौरवला गेला, इथं प्रदर्शित व्हायला मार्च २०२५ उजाडला. सिनेमा चंद्रपूरकडचा, शेतकरी बाप कापूसवाला. आमच्याकडे कापसाऐवजी ऊस घाला, बाकी काही बदलायला नको. सविता शिकतेय, तिला स्पर्धा परीक्षा द्यायचीय, आणि दर थोड्या दिवसांनी पाहुणे येऊन तिला तेच ते प्रश्न विचारून जातायत. बारामतीतल्या अभ्यासिकांमध्ये रात्री दहापर्यंत बसणाऱ्या पोरींना हा सिनेमा दाखवून बघा. त्यांच्यापेक्षा त्यांच्या बापांना दाखवलात तर अधिक बरं.

भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’बद्दल तर बोलायलाच नको. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारं धनगराचं कुटुंब आमच्या जिरायती पट्ट्यात कुणालाही परकं नाही. सुप्याकडं निघालात तर रस्त्यात वाडा दिसेल. आणि नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे उजनीच्या पलीकडच्या काठाचे. त्यांचा ‘फँड्री’ येईपर्यंत त्या काठावर सिनेमा उगवतो हे आम्हा अलीकडच्यांना कुठं माहीत होतं? मग २०१६ मध्ये ‘सैराट’ आला, अकलूजची पोरगी नायिका झाली, आणि आमच्या बोलीला हसणारे लोक ती बोली बोलायचा प्रयत्न करू लागले. त्या वेळी तिकिटासाठी आमच्याकडेही झुंबड होती. म्हणजे गिऱ्हाईक नाही, हे कारण खरं नाही.

सरकारनं काही केलं नाही असंही नाही. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सवाल्यांना दुपारी बारा ते रात्री नऊच्या दरम्यान मराठी चित्रपटाला वेळ द्यायला लावलं. पण नियमानं खेळ मिळतो, आठवडा मिळत नाही. सोमवारी ऐकलेलं नाव शुक्रवारी पडद्यावरून उतरलेलं असतं, आणि आमच्यासारख्याचा इंदापूर-पुणे हेलपाटा आठवड्याच्या बाजारावर बेतलेला. मोबाइलवर येईल तेव्हा बघा, असं पोरं सांगतात. मोबाइलवर मी कांद्याचे भाव बघतो. सिनेमा बघायला शेजारी अनोळखी माणूस लागतो, जो चुकीच्या जागी हसतो आणि मग आपल्यालाही विचार करायला लावतो.

म्हणून तुम्हाला पत्र. तुमच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाला ‘संत तुकाराम’ पुरस्कार देतात. तुकोबांची पालखी दर आषाढात बारामतीला मुक्काम करते, बेलवाडीला रिंगण धरते, निमगाव केतकीवरून इंदापूरला येते. पुरस्काराचे मानकरी सिनेमे मात्र या वाटेला लागत नाहीत. पुण्यातला महोत्सव संपला की त्यातले पाच सिनेमे घेऊन तीन दिवस आमच्याकडे या, एवढीच मागणी आहे. दोन दिवस बारामती, एक दिवस इंदापूर.

जानेवारीत मात्र नको. तेव्हा गळीत हंगाम ऐन भरात असतो, रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेले असतात, आणि ज्याच्या उसाला तोड आलीय तो माणूस इराणचा सिनेमा बघायला येणार नाही. पोरांच्या परीक्षा झाल्या की यात्रांचा हंगाम लागतो, तेव्हा या. त्या दिवसांत आमच्याकडे माणूस घराबाहेर पडायला तयारच असतो. यात्रेतला तंबू टॉकीज आमच्या पिढीनं बघितलाय. त्याच तंबूवाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ २०१६ मध्ये कान महोत्सवात गाजला. फिरत्या सिनेमावाल्यांची कथा फ्रान्सपर्यंत फिरून आली, आता सिनेमालाच जरा इकडं फिरवा. उन्हाचं म्हणाल तर खेळ दिवस मावळल्यावर ठेवा. मैदान नको असेल तर बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं गदिमा सभागृह आहे.

परदेशी सिनेमा आणाल तर खाली मराठी ओळी द्या. इंग्रजी वाचेपर्यंत आमचं चित्र पुढं निघून जातं. पाचांपैकी एका सिनेमाला एवढं करणं तुम्हाला जड नाही, आणि पुण्यातही त्याचे आभार मानणारे निघतील.

तिकीट लावा. पन्नास रुपये का होईना, पण लावा. फुकट ठेवलंत की पास निघतात, पास निघाले की पुढच्या तीन रांगा राखीव होतात, आणि राखीव रांगेतला माणूस मध्यंतरात चहा पिऊन निघून जातो. सत्कार, दीपप्रज्वलन, हार, शाल हे सगळं सिनेमा संपल्यावर ठेवा. ज्याला हवं तो थांबेल.

आणि पहिला सिनेमा तुमचाच असू द्या. १९७५ मध्ये ‘सामना’ बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. तेंडुलकरांची पटकथा, निळूभाऊंचा साखरसम्राट हिंदुराव आणि मारुती कांबळेचं काय झालं हे विचारणारे लागूंचे मास्तर. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा. आमच्या दोन तालुक्यांतले सहकारी कारखाने मोजायला एक हात पुरतो. बर्लिनच्या लोकांनी तो परदेशातली गोष्ट म्हणून बघितला असेल. इथं कारखान्याचे सभासद, माजी संचालक, तोडणीवाले मुकादम आणि कामगार एकाच अंधारात बसून तो बघतील. खेळ संपल्यावर दिवे लागले की तुम्ही मंचावर या आणि प्रश्न घ्या. पहिला प्रश्न कुणी विचारायचा, यावरून थोडी ढकलाढकली होईल, पण विचारणारे आहेत.

तारीख कळवलीत तर दुकानाबाहेर फलक लावायचं काम माझं.

आपला,
इंदापूरचा एक प्रेक्षक